कोरडी किक

साल २०२३. माझं वय चौऱ्याहत्तर. त्या वर्षीच्या मार्गशीर्षात आमच्या सूनबाईनं माझ्याशी बोलणं टाकलं होतं, आणि त्याला कारण पडवीतली फटफटी.

सूनबाई म्हणजे माझ्या एकुलत्या एका पोराची बायको. पोरगा जाऊन अडीच वर्षं होत आली होती. घरात आम्ही तिघंच. मी, ती, आणि तिची मुलगी, म्हणजे माझी नात. ती तेव्हा कॉलेजात जायची. मळा आमचा गंगापूर रोडच्या पुढं. म्हणजे पूर्वी पुढं होता. आता शहर आमच्या बांधाला येऊन टेकलंय. एका अंगाला सहा मजली बिल्डिंग आणि दुसऱ्या अंगाला आमची शेवंती. बिल्डिंगमधली माणसं गॅलरीत उभी राहून आमच्या फुलांचे फोटो काढतात आणि फवारणीचा वास आला की वरनं ओरडतात.

मी रोज सकाळी उठलो की पहिला पडवीत जायचो. फटफटी मधल्या स्टँडवर असायची. चावी बंद ठेवून, बाजूला उभा राहून एक किक मारायचो. मग चावी लावून पुढची. इंजिन लागलं की तसंच उभ्या जागी थोडा वेळ चालू द्यायचं, गरम झालं की बंद करायचं, फडकं मारायचं आणि चहाला आत जायचं. अडीच वर्षांत एक दिवस चुकलो नाही. गाडीवर बसलो मात्र एकदाही नाही.

एक दिवस सूनबाई दारात येऊन उभी राहिली.

"मामा, एक सांगू का? राग नका मानू."

"सांग."

"हा आवाज आला की मी झोपेतच म्हणते, अहो, चहा तरी घेऊन जा. रोज. मग डोळा उघडतो. रोज सकाळी मला ते नव्यानं कळतं, मामा."

मी फडकं मारत राहिलो.

"चालवायची तर रस्त्यावर चालवा," ती म्हणाली, "नाहीतर विका. पण अशी उभ्या उभ्या चालवू नका."

दुसऱ्या दिवशी मी पुन्हा किक मारली. तेव्हापासून तिनं बोलणं टाकलं. ताट वाढायची, औषध पुढं ठेवायची, पण तोंडातनं शब्द नाही. मीही काही कमी नाही. मीही नाही बोललो.

आता मी ती चालवत का नव्हतो, हे सांगायला मागं जावं लागेल.

ही गाडी माझ्या बापानं आणली. आम्ही त्याला दादा म्हणायचो. देवळाली कॅम्पात पलटणीच्या जुन्या गाड्यांचा लिलाव व्हायचा, तिथनं त्यानं ती घेतली. हिरवी होती, अंगाला मिल्ट्रीचे आकडे खरवडलेले. तोवर आमची फुलं बैलगाडीनं फुलबाजारात जायची आणि पोचेपर्यंत मान टाकायची. दादानं मागं दोन्ही अंगांना पाट्या बांधल्या, वर ओलं बारदान टाकलं, आणि धोतराचा काचा मारून फटफटीवर बसला. लोक बांधावर उभे राहून हसले. म्हणाले, माळी बघा, लाट साहेब झाला. दादा फुलं विकून परत आला तेव्हा त्यांचे बैल अजून नाक्यावर होते. सोमवारी तो त्र्यंबकलाही जायचा. देवळाबाहेरचे हारवाले त्याची वाट बघत बसायचे, कारण त्याची फुलं अंगावर पाणी घेऊन यायची.

कॅम्पातल्या मिस्त्रीनं त्याला एकच गोष्ट पक्की शिकवली होती. रात्रभर गाडी गार पडते, ऑइल खाली बसतं. म्हणून सकाळची पहिली किक चावी बंद ठेवून मारायची. ऑइल वर चढतं, इंजिनाला त्रास होत नाही. दादा त्याला कोरडी किक म्हणायचा. पाऊस असो, वरात असो, घाई असो, कोरडी किक मारल्याशिवाय त्यानं चावीला हात लावला नाही.

मी चौथी शिकून शाळा सोडली आणि मळ्यात आलो. मिसरूड फुटल्यावर एका सकाळी दादा म्हणाला, "आज तू पुढं बस." आणि स्वतः मागं बसला. मला वाटलं, बाजारापर्यंत. तो म्हणाला, त्र्यंबक. सगळा रस्ता तो एक अक्षर बोलला नाही. वळणावर फक्त गुडघा दाबायचा. डावा गुडघा दाबला की डावीकडं जरा जास्त झुक, उजवा दाबला की उजवीकडं. अंजनेरीच्या पायथ्याशी मी घाबरून ब्रेक दाबला तर मागनं दोन्ही गुडघे एकदम आवळले, जसं बैलाला सांगावं, आरं, हळू. देवळाच्या शिखराला गाडीवरूनच हात जोडले आणि आम्ही परत फिरलो.

मळ्याच्या अलीकडं पाट आहे. धरणाचं पाणी घेऊन येणारा. त्याच्यावर पूल. पुलावर त्यानं माझ्या खांद्यावर थाप मारली. मी थांबलो. तो उतरला, पायानं मागचं फूटरेस्ट मिटवलं आणि म्हणाला, "जा. घरच्यांना तू एकटा येताना दिसू दे. मी येतो चालत."

मी निघालो. आरशात बघितलं. धोतराचा सोगा हातात धरून तो मागनं चालत येत होता. लहान होत होत गेला. ते अजून माझ्या डोळ्यांपुढं आहे.

त्या दिवसानंतर दादानं हँडलला हात लावला नाही. एकदा माझा हात मोडला, आणि ऐन दसऱ्याचा झेंडू तोडून पडला. लोक म्हणाले, आता तुम्हीच न्या की. त्यानं पाटी डोक्यावर घेतली आणि चालत बाजारात गेला. म्हणाला, "मी उतरलो ना पुलावर? उतरलेल्या माणसानं परत चढायचं नाही. गाडीला कळलं पाहिजे, आपला धनी कोण."

दादा गेला त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी पडवीत आलो. फुलं थांबत नाहीत, घरात काही होवो. चावी बंद ठेवून कोरडी किक मारली, आणि माझा पाय खाली आला तसा इंजिनातनं एक श्वास सुटल्यासारखा आवाज आला. तो रोजच येत असेल. मी त्या दिवशी ऐकला. तेव्हापासून ती किक ऑइलची राहिली नाही, दादाची झाली.

पुढं माझा पोरगा मोठा झाला. माझ्यापेक्षा अर्धा हात उंच. त्यालाही मी पुढं बसवलं, मागं बसलो, त्र्यंबक केलं, गुडघे दाबले. तो मला मागनं गप्प बसू देईना. "आबा, गुदगुल्या नका करू, पडू दोघं." पुलावर मी उतरलो, फूटरेस्ट मिटवलं, त्याला पुढं पाठवलं. घरी आल्यावर म्हणतो कसा, "आबा, आरशात तुम्ही लय म्हातारे दिसत होता."

कोरड्या किकेचा त्याला कंटाळा होता, पण आजाची म्हणून रोज मारायचा. मला चिडवायचा. "आबा, आता एक मारतो. तुम्ही गेलात की दोन माराव्या लागतील. गुडघा जाईल माझा. जरा सवडीनं जा."

मी म्हणायचो, "तुझा गुडघा गेला तरी मी थांबणार नाय."

बोलण्यात बोलणं.

२०२१ साली, करोनाच्या साथीत, त्याला ताप आला. रिक्षा कुणी मिळेना. मी म्हटलं थांब, कुणाची तरी गाडी बघू. तो ऐकेना. तोंडाला फडकं बांधलं, स्वतः फटफटी काढली, कोरडी किक मारली, मग चालू केली. बायकोला म्हणाला, "दोन दिवसांत येतो. शेवंतीला पाणी जास्त नका देऊ." आणि दवाखान्यात स्वतः गाडी चालवत गेला.

घरी परत आणला नाही त्याला. तेव्हा कुणालाच आणत नव्हते. शेवटचं तोंडही नीट दिसलं नाही. पिशवीतनं दिसतं ते काही दिसणं नाही.

गाडी दवाखान्याच्या आवारात लिंबाखाली उभी होती. वर पानं पडलेली. आमच्या भाऊबंदातला एक जण म्हणाला, टेम्पोत टाकून आणू. मी म्हटलं नको. तो म्हणाला, मग तुम्ही चालवत आणा. मी म्हटलं, मी उतरलेला आहे. त्याला कळलं नाही, आणि मी सांगितलं नाही.

मी आणि नात चालत गेलो आणि गाडी ढकलत आणली. मी हँडल धरलं, ती मागनं रेटत होती. तेव्हा ती अकरावीत असेल. तोंडाला दोन-दोन मास्क. सगळा रस्ता मोकळा, दुकानांची शटरं खाली, सिग्नल नुसतेच लाल-हिरवे होत होते. नाक्यावर पोलिसानं अडवलं.

"बाबा, पेट्रोल संपलं का?"

"नाही. आहे."

"मग चालू करून जा की. या उन्हात कशाला ढकलता?"

"माझी गाडी नाही ती."

"मग कुणाची? चोरीची?"

"माझ्या पोराची."

"पोरगा कुठंय?"

नात मागनं म्हणाली, "काका, जाऊ द्या ना." तिचा आवाज कसा होता ठाऊक नाही, पण तो बाजूला झाला. वर आपल्या बाटलीतलं पाणी दिलं आम्हाला.

त्या दिवशी एक गोष्ट माझ्या अंगात घुसली ती घुसलीच. ही गाडी मी आयुष्यभर ढकललेली. पंक्चर झाली, बंद पडली, चिखलात रुतली, सगळं केलेलं. तिचं वजन माझ्या हातांना पाठ. त्या दिवशी ती त्या वजनाची नव्हती. सपाट रस्त्यावर चढ लागल्यासारखी जड होती. ब्रेक चिकटलेत का बघितलं, नव्हते. टायरात हवा होती. मी नातीला विचारलं, "बाई, तुला जड लागतीया का?"

ती म्हणाली, "आबा, कुणीतरी बसल्यासारखं वाटतंय."

मी मागं वळून बघितलं नाही. आरशातही दिसलं नसतं. आरसा त्याच्या उंचीला लावलेला होता, मला त्यात नुसतं आभाळ दिसत होतं.

पाटाच्या पुलावर आम्ही दम खायला थांबलो. तिथं मला ते कळलं. दादा उतरला होता. मी उतरलो होतो. हा उतरलाच नव्हता. त्याला मागं बसवून कुणी त्र्यंबकला नेलंच नव्हतं, पुलावर कुणी थांबवलंच नव्हतं. तो पुढच्या सीटवरनंच गेला. आणि गाडीवर बसूनच राहिला.

लोकांना हे म्हाताऱ्याचं खूळ वाटेल. वाटू दे. पडवीत गाडी उभी केल्यावर मी आरशाला कुणाला हात लावू दिला नाही. सूनबाईनं एकदा पुसताना हलवला, मी तिच्या अंगावर ओरडलो आणि पुन्हा आभाळ दिसेपर्यंत वळवत बसलो. सगळ्या पडवीत शेवंतीच्या पाकळ्या उडून पडायच्या, पाट्यांवर, पोत्यांवर, माझ्या खाटेवर. त्या पुढच्या सीटवर मला कधी दिसल्या नाहीत. मागच्या सीटवर असायच्या. सूनबाई म्हणायची, पुढची सीट गुळगुळीत झालीय, घसरतात. असेल.

आणि म्हणून मी कोरडी किक एकच मारायचो. दादाची. रिवाजानं दुसरी पोराची व्हायला पाहिजे होती. घरात तिघांनाही ते ठाऊक होतं. रोज सकाळी एक किक वाजली की पलीकडच्या खोलीत सूनबाईचे कान झोपेतही दुसरीची वाट बघत असणार, आणि मग एकदम इंजिनाचाच आवाज. मी दुसरी मारत नव्हतो. जो अजून गाडीवर बसलाय, त्याच्या नावानं कशी मारू? मारली की संपलं. मला संपवायचं नव्हतं.

तर, सूनबाईचं बोलणं बंद असतानाच एक दिवस घरी एक पोरगा आला. दाढी राखलेली, पायात बूट, गाडी चारचाकी. गंगापूर रोडला त्याचं हॉटेल होतं, त्याला तो कॅफे म्हणत होता. फटफटीभोवती तीनदा फिरला.

"आजोबा, काय पीस आहे! आमच्याकडं भिंतीला लावू. वरनं लाइट सोडू. लोक फोटो काढतील."

"भिंतीला?"

"म्हणजे इंजिन काढून. वजन नको ना."

मी त्याला म्हटलं, "तुझ्या आजाला लाव भिंतीला."

तो गेला. पण जाताना मी बघितलं, सूनबाईनं त्याचा नंबर घेतला. तिनंच त्याला बोलावलं होतं. मला राग आला, पण तिच्या तोंडाकडं बघून बोलता येईना. डोळ्यांखाली काळं पडलं होतं तिच्या. ती मला छळायला करत नव्हती. तिला झोप पाहिजे होती.

त्या दिवशी जेवताना नातीनं माझ्या ताटाशेजारी एक कार्ड ठेवलं. लायसन. गिअरच्या गाडीचं. मैत्रिणीच्या भावाच्या गाडीवर शिकली म्हणे, कुणाला न सांगता.

"मी चालवते," ती म्हणाली. "फुलं पण मीच नेते. टेम्पोवाला काय रोज वेळेवर येतो का? आईला आवाज नको असेल तर मी पहाटे ढकलत रस्त्यापर्यंत नेईन आणि तिथं चालू करेन."

सूनबाईचा हात भाकरीवर थांबला.

मी म्हटलं, "नाय."

"का? मुलगी म्हणून?"

भाऊबंदात पुढं तेच झालं. म्हातारा पोरीला गाडी देत नाही म्हणून. मी त्यांना तसंच वाटू दिलं, कारण खरं सांगितलं असतं तर हसले असते. पण नातीला मी खोटं बोलू शकलो नाही. ती त्या दिवशी मागनं रेटत होती.

"मुलगी म्हणून नाय," मी म्हटलं. "जागा रिकामी नाय."

सूनबाईनं पदर तोंडाला लावला आणि आत गेली. नात मात्र बसून राहिली. तिनं मला हसून उडवलं नाही, की समजावलं नाही. शेवटी म्हणाली, "आबा, पप्पांना कुणी मागे बसवलंच नाही ना?"

"नाय."

"मग मी बसवते. त्र्यंबकला नेते. पुलावर थांबते. उतरतील ते."

मी तोंड धुवायला म्हणून उठलो. मोरीत बराच वेळ उभा राहिलो.

त्यानंतर आठवडाभर ती रोज संध्याकाळी किक शिकत होती. फटफटीची किक म्हणजे काय स्कूटीचं बटण नव्हे. पहिल्या दिवशी किक उलटी फिरली आणि नडगीवर बसली. ती खाली बसून "आई गं" करत राहिली आणि मला हसू फुटलं. किती दिवसांनी फुटलं कोण जाणे.

"हसताय काय आबा!"

"तुझ्या बापालाबी मारलं होतं हिनं. इथंच. हे बघ, पाय सरळ ठेवू नको. अंग टाक. पायानं नाय, अंगानं मार."

आतनं भांड्यांचा आवाज थांबला होता. सूनबाई ऐकत होती.

रविवारी सकाळी थंडी चांगलीच होती. नात तयार होऊन आली. मी गाडी अंगणात काढली. कोरडी किक मारायची वेळ आली तेव्हा तिनं माझ्याकडं बघितलं, एक की दोन? मी म्हटलं, "एक." तिनं एक मारली. दादाची. मग मी खाली वाकून मागची दोन्ही फूटरेस्ट उघडली. माझ्या हातानं.

"आरसा लावू का माझ्या उंचीला? मागचं काहीच दिसत नाही."

"पुलापर्यंत नको. आता त्यानंच लावलेला असू दे. मागची गाडी मान वळवून बघ. परत येताना पुलावर थांब. गाडी चालू ठेव, पाय टेक, गप बस. घाई करू नको. मग आरसा फिरव आणि ये."

"तुम्ही नाही येत?"

"मागची जागा त्याची."

सूनबाई तेवढ्यात बाहेर आली. हातात त्याचा करडा स्वेटर. तो तिनं कधी धुवायलाही काढला नव्हता. माझ्याकडं न बघता तिनं तो नातीला नाही दिला, मागच्या सीटवर पसरला आणि दोरीनं घट्ट बांधला. जशी तो पाटी बांधायचा तशी, दोन आडव्या गाठी. मग आत निघून गेली.

गाडी फाटकातनं बाहेर पडली. मी आवाज ऐकत राहिलो. आधी फटफट, मग नुसती धडधड, मग बिल्डिंगच्या पलीकडं काहीच नाही.

मळ्यात कामं होती. मी शेवंतीच्या वाफ्यात जाऊन बसलो, एक फूल खुडलं नाही. नजरेपुढं रस्ता चालू होता. आता अंजनेरी आली असेल. आता वळण. तिला गुडघ्याचं मी शिकवलं नव्हतं. ते शिकवायचं नसतं, मागचा माणूस दाबतो तेव्हाच कळतं. मागं बसून तो तिला काही सांगेल का, की नेहमीसारखी थट्टा करेल, हेच डोक्यात. ती पडली तर? हे सुचलं आणि मी स्वतःवरच चिडलो. म्हाताऱ्याच्या खुळापायी एकुलती एक पोर घाटाच्या रस्त्यावर पाठवली. उठलो, फाटकापर्यंत गेलो. भाऊबंद भेटला, म्हणाला, "मग, दिली का शेवटी पोरीला?" मी म्हटलं, "तुझ्या पोराला किक तरी मारता येती का?" तो गेला.

ऊन चढलं. सूनबाई ओट्यावर तांदूळ निवडत बसली होती. तेच तेच तांदूळ निवडत होती.

आणि आवाज आला. लांबनं. मला आधी नाही आला, माझे कान गेलेत. सूनबाईनं मान वर केली त्यावरनं कळलं. ती उठून उभी राहिली. अडीच वर्षं तो आवाज तिला पडवीतनं यायचा आणि तिथंच मरायचा. आज तो रस्त्यावरनं येत होता, मोठा मोठा होत.

"मामा," ती म्हणाली. कितीतरी दिवसांनी म्हणाली. "येतोय ना हा आवाज? जात नाही ना?"

"येतोय," मी म्हटलं.

नात फाटकातनं आत आली. एकटी. दादा म्हणाला होता तशी, एकटी येताना दिसली. गाडी उभी केली, हेल्मेट काढलं. तोंड धुळीनं आणि थंडीनं लाल झालेलं. आईनं पाणी दिलं ते पिऊन टाकलं.

मी विचारलं, "पुलावर थांबली होतीस?"

"हो. तुम्ही सांगितलं तसं. गप बसले. पाटाला पाणी सोडलंय, त्याचा आवाज येत होता."

"मग?"

"मग आरसा फिरवला."

"काय दिसलं?"

ती माझ्याकडं बघत राहिली. तिला ठाऊक होतं मी काय विचारतोय. माझ्या मनासारखं काहीतरी सांगणं तिला सोपं होतं.

"रस्ता दिसला, आबा. नुसता रस्ता."

सूनबाईनं माझा दंड धरला. तिला वाटलं मी खाली बसणार. मी बसलो नाही. उलट मला मोकळं वाटलं. दादा उतरला तेव्हा तो घराकडंच चालत आला, म्हणून मला आरशात दिसला. मीही घराकडंच आलो. ह्याला घराकडं यायचं नव्हतं. तो पुलावर उतरला आणि त्याच्या वाटेनं गेला. आरशात दिसणार कसा?

मी स्वेटरची गाठ सोडायला वाकलो. तेव्हा बघितलं, डावं फूटरेस्ट मिटलेलं होतं. उजवं उघडंच.

"हे तू मिटवलंस?"

"नाही. मला मिटवायचं ठाऊकच नव्हतं."

सूनबाई वाकून बघत म्हणाली, "खड्ड्यानं मिटलं असेल, मामा. स्प्रिंग ढिली आहे त्याची."

"असेल," मी म्हटलं.

स्प्रिंग ढिली होती हे खरं. माणूस डाव्या अंगानं उतरतो हेही खरं. आळशी तसाच होता तो, उतरेल त्या बाजूचंच मिटवणार, दुसरं आमच्यावर ठेवणार. मी हातानं उजवं मिटवलं. सूनबाईनं स्वेटर उचलला, झटकला, आणि त्या दिवशी पहिल्यांदा भिजत घातला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी नेहमीच्या वेळेला उठलो. पडवीत आलो तर नात आधीच हजर. पाट्या बांधून झालेल्या, शेवंतीवर ओलं बारदान. चावी तिच्या हातात. मी हात पुढं केला, तिनं चावी दिली, काही विचारलं नाही. स्वयंपाकघराच्या दारात सूनबाई चहाचा कप घेऊन उभी होती. आरशात मला आभाळ दिसत नव्हतं, नातीचं तोंड दिसत होतं. मी चावी मुठीतच ठेवली, बाजूला उभा राहिलो आणि कोरडी किक मारली. दादाची. इंजिनानं श्वास सोडला. मी जरा थांबलो. मग पाय पुन्हा वर घेतला, अंग टाकलं, आणि दुसरी मारली. गुडघा कटकन वाजला. मी चावी नातीच्या हातात दिली आणि बाजूला झालो.